घरातल्या बाईची पापणी एकदा ओढून पाहा

आमच्या चुलत वहिनीला पाटीवरच्या पेन्सिली खाण्याची सवय होती. पोराच्या दप्तरातली पेन्सिल दोन दिवसांत संपायची आणि शाळेत बोलणी त्याला बसायची. सारे घर हसायचे. 'वहिनी, आता पाटीपण खा,' म्हणणाऱ्यांत मीही होतो, हे आज लिहिताना लाज वाटते. दोन वर्षे हा विनोद चालला. मग वस्तीतल्या विहारात आरोग्य तपासणीचे शिबिर लागले. तिथल्या नर्सबाईंनी वहिनीची खालची पापणी अंगठ्याने ओढली आणि पहिलाच प्रश्न केला, 'माती, खडू असले काही खाता का?' रक्त तपासले. हिमोग्लोबिन निघाले 6.4. गरोदर नसलेल्या बाईत ते किमान 12 असावे लागते. 8 च्या खाली गेले की तो तीव्र रक्तक्षय. दवाखान्यात रक्ताची पिशवी चढवावी लागली. डॉक्टरांनी विचारले, त्रास कधीपासून आहे? वहिनी म्हणाली, 'मले त काईच तरास नव्हता जी.'

ती खोटे बोलत नव्हती. रक्त एका दिवसात आटत नाही, वर्षानुवर्षे थोडे थोडे आटते आणि शरीर तेवढ्यावर भागवायला शिकते. वयात आल्यापासून जिला धाप लागते, तिला धाप न लागता जिना चढणे म्हणजे काय हे कळावे कसे? आई अशीच, सासू अशीच, शेजारीण अशीच. मग हा आजार न ठरता बाईचा जन्मच ठरतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या 2015-16 च्या पाहणीत तो 48 टक्के होता. म्हणजे आकडा चढला. त्याच घरातल्या, त्याच चुलीवर जेवणाऱ्या पुरुषांत तो 21.9 टक्के आहे. देशपातळीवर आदिवासी स्त्रियांची स्थिती सर्वांत वाईट आहे आणि अनुसूचित जातींच्या स्त्रियाही सरासरीच्या खालीच ढकललेल्या आहेत.

तेव्हा ओळखायचे कसे? पाण्याचा हंडा उचलला की छातीत धडधडते, चार पायऱ्यांत दम लागतो, बसून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. झोप होऊनही अंग जड, डोके दुखते, हातपाय गार पडतात. चिडचिड होते. आपण तिला काय म्हणतो? आळशी. कामचुकार. माहेरी लाडावलेली. जीभ गुळगुळीत होऊन तिखट झोंबते, ओठांचे कोपरे चिरतात, केस गळतात, नखे ठिसूळ होऊन चमच्यासारखी खोलगट होतात. रात्री पाय स्वस्थ पडू देत नाहीत. आणि माती, राख, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ खावासा वाटणे, हे तर शरीरातले लोह संपत आल्याचे फार बोलके लक्षण. त्यालाच आपण 'खोड' म्हणतो. काही घरांत तर चक्कर आली की बाहेरचे लागले म्हणून अंगारा लावतात, लिंबू उतरवतात. ते लिंबू तिच्या भाजीवर पिळले असते तरी थोडा उपयोग झाला असता.

सर्वांत मोठी फसगत रंगाची. रक्त कमी झालेली बाई फिकट पडते आणि बायका कौतुक करतात, 'बाळंतपणानंतर उजळली हो!' गोरेपणाचे वेड आपल्याही वस्तीत कमी नाही. सावळ्या चेहऱ्यावर फिकेपणा दिसतही नाही. म्हणून चेहरा पाहू नका. दिवसाच्या उजेडात खालची पापणी ओढून तिची आतली बाजू पाहा, जीभ पाहा, तिचा तळहात घरातल्या दुसऱ्या माणसाच्या तळहाताशेजारी ठेवा. लाली नसेल तर तपासणी कराच. लाली दिसली तरी निर्धास्त होऊ नका. सौम्य रक्तक्षय डोळ्यांना दिसत नाही, तो रक्त तपासूनच कळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते.

पाळीविषयी तर कुणी बोलतच नाही. सात दिवसांहून जास्त रक्त जाणे, गाठी पडणे, तासा-दोन तासाला कापड बदलावे लागणे हे नेहमीचे नव्हे. पण प्रत्येकीला वाटते, सगळ्यांचे असेच असेल. पाठोपाठची बाळंतपणे, अनवाणी पायांतून शिरणारे अंकुशकृमी आणि सर्वांच्या मागून खरवडून खाल्लेले ताट, ही बाकीची कारणे.

आता बिटाची गोष्ट. बीट लाल म्हणून रक्त वाढते, ही समजूत रंगावर उभी आहे. त्यात लोह जेमतेम असते. काळीज, सुकट, मटण यांतले लोह अंगी लवकर लागते. हळीव, बाजरी, पालेभाज्या, डाळी खाव्यातच, सोबत लिंबू किंवा आवळा असावा आणि जेवणाला लागून चहा नसावा. पण एकदा रक्त आटले की नुसत्या खाण्याने भरून निघत नाही. लोहाच्या सरकारी गोळ्या फुकट मिळतात. शौचाला काळे होते, मळमळते म्हणून बाया त्या फेकून देतात. काळे होणे अपायाचे नाही; मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या, बंद करू नका. हिमोग्लोबिन भरल्यावरही सुमारे तीन महिने डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवाव्या लागतात.

विदर्भातल्या वाचकांना मात्र एक वेगळे सांगणे आहे. आपल्याकडे सिकलसेल आहे, आदिवासींत आहे तसा बौद्ध समाजातही आहे. 2023 मध्ये केंद्राने सुरू केलेल्या मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे. शहरातल्या आपल्या वस्तीने ती तपासणी स्वतः मागून करून घ्यावी लागेल. रक्त कमी आणि जोडीला सांधे-हाडे दुखतात, डोळे पिवळे होतात, असे असेल तर आधी सिकलसेल तपासा. अशा रुग्णाला लोहाची कमतरता आहे की नाही हे न पाहता लोह देणे बरोबर नाही. लग्न जुळवताना पत्रिका पाहणे आपण सोडले, पण दोन वाहक एकत्र आले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, एवढे रक्त तपासून पाहायला काय हरकत?

वहिनीची सिकलसेल तपासणी निगेटिव्ह आली. पाळीत किती रक्त जाते हे तिने नर्सबाईंना सांगितले, घरात कधी कुणाला सांगितले नव्हते. त्यावरही इलाज सुरू झाला. चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन 11.2 झाले. परवा पेन्सिलीचे विचारले तर म्हणाली, 'आता त वासही नको वाटते.' पोरगा तोवर पाटी सोडून वहीवर लिहू लागला होता.