चुका करून पास होणारा विषाणू

परीक्षेत चुका केल्या की मार्क जातात. एचआयव्हीचं मात्र उलटं आहे बघा. या पठ्ठ्याच्या बहुतेक चुका त्याला भोवतात, पण एखादी अशी फळते की डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडतात!

खरं तर एचआयव्हीवर आज उत्तम औषधं आहेत. रोज नेमानं घेतली तर रक्तातले विषाणू इतके कमी होतात की नेहमीच्या तपासणीत सापडतसुद्धा नाहीत. तरी कधीकधी औषध चालू असूनही तो पुन्हा डोकं वर काढतो. असं का होतं?

आधी त्याचा उद्योग पाहू. आपल्याला रोगांपासून वाचवणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी सीडी-४ पेशींमध्ये तो घुसतो आणि आपला आरएनए, म्हणजे सुमारे साडेनऊ हजार अक्षरांचा मजकूर, डीएनएमध्ये उतरवून घेतो. हे काम करणाऱ्या विकराचं नाव रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. तास संपत आल्यावर फळ्यावरचं भराभर वहीत उतरवणारं आणि पुन्हा न तपासणारं एखादं पोर असतं ना, अगदी तसं हे विकर. इथं एक अक्षर चुकलं, तिथं दुसरं!

आणि प्रती तरी किती? औषध न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात रोज हजार कोटींच्या घरात नवे विषाणू तयार होऊ शकतात. मग हवी ती चूक कुठे ना कुठे होणारच की! लॅमिव्हुडिन नावाचं औषध घ्या. या विकराच्या साखळीतल्या १८४ व्या जागेवरचा एकच दुवा बदलला की हे औषध जवळपास निकामी. बदलासाठी एक अक्षर चुकलं तरी पुरतं.

म्हणूनच १९८७ साली अमेरिकेत एझेडटी हे पहिलं औषध आलं तेव्हा आनंद फार टिकला नाही. एकट्या औषधाला विषाणू काही महिन्यांत दाद देईनासा व्हायचा. १९९६ च्या सुमारास डॉक्टरांनी डाव बदलला: तीन औषधं एकदम. एकाच विषाणूत तिन्ही औषधांना चकवणाऱ्या चुका एकाच वेळी होणं फारच अवघड. आपल्याकडे २००४ पासून सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्ही-उपचार, केंद्रांत ही औषधं मोफत मिळतात आणि आता बहुतेक मोठ्या माणसांना तिन्ही मिळून दिवसाला एकच गोळी पुरते.

आता गंमत ऐका. औषध पूर्ण घेतलं तर विषाणूच्या प्रती निघणं जवळजवळ थांबतं. प्रतीच नाहीत, तर चुका कुठून होणार? अजिबात घेतलं नाही तर माणूस आजारी पडतो, पण औषधाला चकवणाऱ्या विषाणूला वेगळा फायदा मिळत नाही. खरा घोळ अर्धवट घेण्यात आहे. रक्तात औषध थोडंच उरलं की साधे विषाणू दबतात, चकवणारे मात्र मोकळ्या मैदानात वाढतात.

पण नेहमी विषाणूच बेरकी असतो असं नाही. कधी औषधच पोचत नाही. क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनमुळे यकृत एचआयव्हीवरच्या डोल्युटेग्राव्हिर या औषधाचा फडशा लवकर पाडतं, म्हणून ते दिवसातून दोनदा द्यावं लागतं. उपाशीपोटी कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी सोबत घेतली तर ती पोटातच त्याला धरून ठेवते. मुलांचं वजन वाढतं, पण डोस वाढवायचा राहून जातो. आणि चव! लोपिनाव्हिरचं पातळ औषध इतकं कडू की लहान मुलं ते थुंकून टाकायची. मुलांसाठी पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची डोल्युटेग्राव्हिरची गोळी निघाली, तीही २०२० मध्ये. एवढा उशीर व्हायला नको होता, असं मला वाटतं.

म्हणून रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये १००० पेक्षा जास्त विषाणू दिसले, तर डॉक्टर लगेच औषध बदलत नाहीत. आधी विचारतात, ‘गोळ्या चुकतात का रे?’ पुष्कळदा उत्तर ‘हो’ असतं. वसतिगृहात सगळ्यांसमोर डबी काढायची लाज, कुणी विचारलं तर काय सांगायचं ही भीती! एचआयव्ही शेजारी बसल्यानं, डबा वाटून खाल्ल्यानं पसरत नाही. तेव्हा वर्गात कुणी ठरल्या वेळी गोळी घेताना दिसलं, तर ‘कसली रे?’ विचारू नका. पाण्याची बाटली तेवढी पुढे करा.