रोवणीपूर्वी पुढच्या चाकांचे हब तपासावेत

भिलाईची ओळख १९५९ पासून पोलादनगरी अशी असली, तरी भोवतालचा दुर्ग जिल्हा पूर्व विदर्भाप्रमाणेच भातपट्टा आहे. चिखलणीच्या वेळी फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचे हब चिखलात बुडतात. झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी आत शिरते, तेल दुधाळ होते आणि बेअरिंग गंजते. ऐन हंगामात ट्रॅक्टर अडला की रोवणी लांबते. उशिरा रोवलेल्या भातावर गादमाशीचा प्रादुर्भाव वाढतो. फुटव्यांचे चंदेरी पोंगे होतात आणि त्यांना लोंबी येत नाही.

यास्तव पावसाळ्यापूर्वी मागील चाकांना अडण लावून पुढचा धुरा जॅकने उचलावा व भक्कम टेकू द्यावा. चाक वर-खाली धरून हलवावे, मग फिरवावे. ढिलेपणा वा खरखर जाणवल्यास हब उघडावा. बेअरिंग बदलताना त्याचा कपही बदलावा आणि सील नवेच बसवावे. नट कंपनीच्या पुस्तिकेतील मापानेच आवळावा. सैल राहिल्यास चाक डुलते, अति आवळल्यास बेअरिंग तापते. चिखलणीनंतर तेल पुन्हा पाहावे. गादमाशीच्या प्रतिबंधाची सुरुवात वेळेवर रोवणीने होते. तेव्हा विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामपूर्व बैठकीत ही तपासणीही सांगावी.