नाका उघडा, नाका बंद: भारत-नेपाळ संबंधांची पंचाहत्तर वर्षे

बिहारच्या पूर्व चंपारण जिल्ह्यातले रक्सौल आणि सीमेपलीकडचे वीरगंज यांच्यामध्ये सिरसिया नावाची लहानशी नदी आहे आणि तिच्यावर मैत्री पूल. समुद्र नसलेल्या नेपाळला जगाशी जोडणारी मुख्य वाट हीच. कोलकाता बंदरात उतरलेला माल रेल्वेने किंवा ट्रकने रक्सौलला येतो, वीरगंजच्या भन्सार कार्यालयात त्याची जकात भरली जाते आणि मग तो काठमांडूकडे चढू लागतो. गॅस, औषधे, लोखंड, कांदे-बटाटे, सगळे याच रांगेत. नेपाळच्या परकीय व्यापारातला जवळपास दोन तृतीयांश हिस्सा एकट्या भारताचा आहे. त्यामुळे दिल्ली आणि काठमांडू यांचे कसे चालले आहे, हे संयुक्त निवेदनांपेक्षा या नाक्यावरच्या ट्रकांकडे पाहून लवकर कळते. गेल्या पंचाहत्तर वर्षांचा हिशेब मांडला, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दक्षिणेकडचा नाका आवळला गेला की नेपाळ उत्तरेकडे वळतो, आणि नाका मोकळा झाला तरी तो पूर्वीइतका परत फिरत नाही.

या संबंधांचा पाया ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत घातला गेला. शांतता आणि मैत्रीच्या करारावर नेपाळकडून पंतप्रधान मोहन शमशेर जंगबहादूर राणा यांनी सही केली, भारताकडून राजदूत चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह यांनी. एकीकडे पंतप्रधान आणि दुसरीकडे राजदूत, हा कमी-जास्तपणा नेपाळी टीकाकार आजही विसरलेले नाहीत. सही करणाऱ्या राणांची सत्ताही तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात राजे त्रिभुवन यांनी भारतीय दूतावासात आश्रय घेतला, तिथून ते दिल्लीला आले, आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये परतले ते राणांची शंभर वर्षांची एकाधिकारशाही संपवूनच. करार मात्र राहिला. त्यातल्या सहाव्या आणि सातव्या कलमांनी एका देशाच्या नागरिकांना दुसऱ्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची आणि मोकळेपणी फिरण्याची मुभा परस्पर दिली. पासपोर्ट नको, व्हिसा नको.

या दोन कलमांचे मोल कोकणातल्या बागायतदाराला वेगळे सांगावे लागत नाही. रत्नागिरी-देवगडच्या हापूसच्या बागांत राखणीपासून काढणीपर्यंतची कामे करणारे नेपाळी गडी दर हंगामात येतात, आणि सीमा उघडी आहे म्हणूनच ते इतक्या सहज येऊ शकतात. सीमेलगतच्या तराईतल्या मधेशी कुटुंबांची तर सोयरीकच बिहार-उत्तर प्रदेशात असते. रोटी-बेटीचे नाते हा शब्द तिथे भाषणापुरता नाही. लग्नाची वऱ्हाडे खरोखरच सीमा ओलांडतात.

पन्नाशीच्या दशकात भारताने नेपाळात पुष्कळ काही उभे केले. काठमांडूला तराईशी जोडणारा त्रिभुवन राजपथ भारतीय लष्कराच्या अभियंत्यांनी बांधला. त्याआधी मोटारी सुट्या करून हमालांच्या खांद्यावरून दरीत उतरवाव्या लागत. पण याच दशकात नद्यांचे करार झाले आणि ते आजही दुखतात. १९५४चा कोसी करार आणि १९५९चा गंडक करार यांतून धरणवजा बंधारे उभे राहिले. नेपाळी जनमताची ठाम समजूत झाली की पाणी आणि पूरनियंत्रण यांचा मोठा वाटा भारताकडे गेला, आपल्या वाट्याला बुडीत जमीन आली. १९६६मध्ये कोसी करार सुधारला तेव्हा जमिनीचा भाडेपट्टा १९९ वर्षांचा ठरला. ऑगस्ट २००८मध्ये नेपाळच्या सुनसरी जिल्ह्यात कुसहा इथे कोसीचा बांध फुटला. नदीत तेव्हा बंधाऱ्याच्या क्षमतेच्या मानाने बरेच कमी पाणी होते. नेपाळातली गावे बुडाली आणि बिहारमधले तीस लाखांहून अधिक लोक पुरात सापडले. देखभाल भारताकडे, जागा नेपाळची आणि जबाबदारी कुणाची, हा वाद तेव्हा पुरापेक्षा जास्त दिवस टिकला.

राजे महेंद्र यांनी डिसेंबर १९६०मध्ये बी. पी. कोइराला यांचे निवडून आलेले सरकार बरखास्त केले आणि नेहरू नाराज झाले. महेंद्रांनी पुढच्याच वर्षी चीनशी काठमांडू-कोदारी रस्त्याचा करार केला. १९६२च्या पावसाळ्यानंतर रक्सौलकडून येणारा माल काही काळ अडलाही, पण चीनशी युद्ध सुरू झाले आणि दिल्लीने हात आवरला. नाका हे हत्यार आहे, हे दोन्ही बाजूंना तेव्हाच कळून चुकले.

ते पूर्ण ताकदीने वापरले गेले १९८९मध्ये. जनता पक्षाच्या काळात, १९७८मध्ये, व्यापार आणि पारगमन यांचे दोन स्वतंत्र करार झाले होते. नेपाळला हे वेगळेपण जिवापाड महत्त्वाचे होते, कारण समुद्रापर्यंत जाण्याची वाट हा भूवेष्टित देशाचा हक्क आहे, व्यापारातली सवलत नव्हे, अशी त्याची भूमिका. राजीव गांधींच्या सरकारला एकच करार हवा होता. कुरबुरी आणखीही होत्या. १९८७पासून नेपाळ काही भागांत भारतीयांकडे काम करण्याचा परवाना मागू लागला होता, आणि १९८८मध्ये त्याने चीनकडून विमानविरोधी तोफांसह शस्त्रे आणली होती. २३ मार्च १९८९ रोजी करारांची मुदत संपली. पंधरा पारगमन नाक्यांपैकी तेरा भारताने बंद केले. रक्सौल आणि जोगबनी तेवढे उघडे राहिले.

काठमांडूत रॉकेलसाठी रांगा लागल्या. घरोघर चुली पेटल्या आणि त्यांच्यासाठी डोंगरउतारावरची झाडे पडू लागली. राजाविरुद्धचा असंतोष आधीपासून होताच, त्याला या टंचाईने धार आली. जानेवारी १९९०मध्ये गणेशमान सिंह यांच्या घरी नेपाळी काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याला चंद्रशेखर यांच्यासह भारतीय नेते हजर होते. एप्रिलमध्ये राजे बीरेंद्र यांनी पक्षांवरची बंदी उठवली. जूनमध्ये नवे पंतप्रधान कृष्णप्रसाद भट्टराई दिल्लीत आले आणि भारताचे पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांच्याबरोबरच्या संयुक्त निवेदनाने सगळे पूर्ववत झाले. पुढच्या वर्षी करार पुन्हा स्वतंत्रच झाले. म्हणजे ज्या मुद्द्यासाठी वर्षाहून अधिक काळ नाके बंद ठेवले, तो मुद्दा भारताने सोडला. दिल्लीतल्या काहींना या काळात नेपाळात लोकशाही आली याचे श्रेय नाकाबंदीला द्यावेसे वाटते. ते नेपाळी जनतेचे श्रेय आहे. रॉकेलविना काढलेला हिवाळा मात्र लोकांनी भारताच्या खात्यावर लिहिला.

नव्वदचे दशक त्या मानाने शांत. १९९३पासून शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये हा दर ठरला, तो आजही तसाच आहे. १९९६च्या व्यापार करारात भारताने उदारपणा दाखवला: नेपाळात तयार झालेला माल जवळजवळ विनाअट, विनाजकात भारतात येऊ लागला. वीरगंज-विराटनगरच्या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. त्यात वनस्पती तुपाचे कारखाने जोरात चालले. परदेशातून पामतेल आणायचे, त्याचे वनस्पती करायचे आणि भारताची चढी आयात जकात टाळून ते बिहार-उत्तर प्रदेशात विकायचे, असा हा धंदा. भारतीय उत्पादकांनी ओरड केली आणि २००२मध्ये करार नूतन होताना अटी आल्या. मालात नेपाळचे मूल्य किमान तीस टक्के असावे आणि वनस्पती वर्षाला एक लाख टनच यावे, असे ठरले. आज तीच कथा सोयाबीन तेलाची आहे. नेपाळच्या निर्यातीत शुद्ध सोयाबीन तेल अधूनमधून पहिल्या क्रमांकावर चढते, आणि त्यासाठीचे कच्चे तेल बाहेरून येते. जकातीच्या फरकावर उभा राहिलेला उद्योग दिल्लीच्या एका अधिसूचनेने आडवा होतो, हे ठाऊक असूनही नेपाळने दुसरा टिकाऊ निर्यात उद्योग उभा केला नाही. हा दोष काठमांडूचा, आणि तो तिथल्या राज्यकर्त्यांना लपवता येणार नाही.

नोव्हेंबर २००५मध्ये राजेशाहीविरुद्ध लढणारे माओवादी आणि नेपाळातले सात पक्ष यांच्यात बारा कलमी समझोता झाला तो दिल्लीत. त्यातून राजेशाही गेली, गणराज्य आले. भारताचा नेपाळातला प्रभाव त्या वेळी बहुधा सर्वाधिक होता.

तो दहा वर्षांत कसा ओसरला, हे पाहताना वाईट वाटते. ऑगस्ट २०१४मध्ये नरेंद्र मोदी काठमांडूला गेले. द्विपक्षीय दौऱ्यावर जाणारे ते सतरा वर्षांतले पहिले भारतीय पंतप्रधान. संविधान सभेत त्यांचे भाषण झाले आणि रस्त्यांवर गर्दी लोटली. एप्रिल २०१५च्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे गेली, तेव्हा भारतीय विमाने काही तासांत मदत घेऊन उतरली. त्याच सप्टेंबरात नेपाळने नवे संविधान जाहीर केले. प्रांतांच्या सीमा आणि नागरिकत्वाच्या तरतुदी यांत आपल्यावर अन्याय झाला, असे म्हणत मधेशी पक्ष मैत्री पुलावर धरणे धरून बसले. त्यांची तक्रार खरी होती. पण माल फक्त त्या पुलावरच अडला नाही. धरणे नसलेल्या नाक्यांवरही ट्रक पुढे सरकेनात. नाकाबंदी आम्ही केलेली नाही, चालक सुरक्षेच्या काळजीने थांबले आहेत, असे भारत सरकार सांगत राहिले. नेपाळात यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

१९७४पासून नेपाळला इंधन पुरवणारी एकच कंपनी होती, इंडियन ऑइल. टँकर थांबले आणि भूकंपाने घर गेलेली माणसे तंबूत, गॅस आणि औषधांविना हिवाळ्यात शिरली. पाच वर्षांखालच्या तीस लाखांहून अधिक मुलांना धोका आहे, असा इशारा युनिसेफने नोव्हेंबरअखेर दिला. चीनने केरुंग नाक्यामार्गे काही टँकर पाठवले. इंधन थोडे होते, पण त्याचा परिणाम खूप मोठा झाला. फेब्रुवारी २०१६मध्ये कोंडी फुटली, आणि पुढच्याच महिन्यात पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी बीजिंगमध्ये चीनच्या बंदरांतून मालवाहतूक करण्याचा करार केला. २०१७च्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीने राष्ट्रवादाच्या लाटेवर मोठा विजय मिळवला. मधेशींना हवे होते ते पूर्ण मिळाले नाहीच. नोव्हेंबर २०१६च्या नोटबंदीने आणखी एक काटा रुतवला: नेपाळी नागरिकांजवळ कायदेशीरपणे असलेल्या पाचशे-हजारच्या भारतीय नोटा बदलून मिळाल्या नाहीत.

नंतर दोन्ही देशांनी काही कामे मात्र नेटाने केली. मोतीहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची तेलवाहिनी १९९६पासून कागदावर होती. बांधकाम सुरू झाल्यावर ती ठरल्या वेळेच्या आधी पुरी झाली आणि सप्टेंबर २०१९मध्ये तिचे उद्घाटन झाले. दक्षिण आशियातली ही पहिली सीमापार तेलवाहिनी. एप्रिल २०२२मध्ये सीमापार जयनगर-कुर्था रेल्वे धावू लागली.

पण त्याच काळात नकाशाचे भांडण पेटले. मे २०२०मध्ये भारताने लिपुलेख खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्याचे उद्घाटन केले. ब्रिटिशांबरोबर झालेल्या सुगौलीच्या तहाप्रमाणे काली नदीच्या पूर्वेचा प्रदेश नेपाळचा. वाद आहे तो काली नेमकी कुठून उगम पावते याचा. जूनमध्ये नेपाळी संसदेने कालापानी, लिपुलेख आणि लिंपियाधुरा दाखवणारा नकाशा एकमताने संविधानात घातला. आता तो बदलायला नेपाळात दोन तृतीयांश बहुमत लागेल, त्यामुळे तडजोडीची जागा फार अरुंद झाली आहे. ऑगस्ट २०२५मध्ये भारत आणि चीन यांनी लिपुलेखमार्गे व्यापार पुन्हा सुरू करायचे ठरवले, तेव्हा काठमांडूने पुन्हा हरकत घेतली.

या सगळ्यात आशेची जागा आहे ती विजेच्या तारांत. एके काळी हिवाळ्यात काठमांडूत दिवसाला सोळा तासांपर्यंत भारनियमन असे. फेब्रुवारी २०१६मध्ये ढल्केबर-मुझफ्फरपूर वाहिनीतून भारतीय वीज येऊ लागली. सप्टेंबरात कुलमान घिसिंग यांनी नेपाळ विद्युत प्राधिकरणाची सूत्रे घेतली, बड्या उद्योगांना मिळणारी झुकती वीज तोडली, आणि त्या वर्षीच्या तिहारात, म्हणजे दिवाळीत, राजधानीचे दिवे विझले नाहीत. नंतर प्रवाहाची दिशा बदलू लागली. नोव्हेंबर २०२१मध्ये भारताच्या वीज बाजारात नेपाळला ३९ मेगावॅट विकण्याची परवानगी मिळाली. ती वीज त्रिशुली आणि देवीघाट या भारताच्याच मदतीने बांधलेल्या केंद्रांतली होती. जानेवारी २०२४मध्ये दहा वर्षांत दहा हजार मेगावॅटचा करार झाला, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षात नेपाळची वीज निर्यात प्रथमच आयातीपेक्षा जास्त ठरली. जून २०२५पासून पावसाळ्यापुरती ४० मेगावॅट नेपाळी वीज भारतीय तारांतून बांगलादेशालाही जाऊ लागली.

इथेही एक अट सलते. ज्या प्रकल्पात चिनी पैसा किंवा चिनी कंत्राटदार आहे, त्याची वीज भारत घेत नाही. ४५६ मेगावॅटचा अप्पर तामाकोशी नेपाळींनी भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे स्वतःच्या बचतीच्या पैशातून उभारला, पण स्थापत्यकाम चिनी कंपनीचे असल्याने तो अडकला. भारताची सुरक्षेची चिंता अनाठायी नाही. तरी बांधून झालेल्या प्रकल्पांसाठी वेगळा नियम करणे अशक्य नव्हते, आणि त्याने दिल्लीचे काही बिघडलेही नसते.

१९५०च्या करारासकट सगळे करार तपासायला दोन्ही सरकारांनी २०१६मध्ये नामवंत व्यक्तींचा एक गट नेमला होता, दोन्हीकडचे चार-चार जण. भारताच्या बाजूचे प्रमुख भगतसिंह कोश्यारी, नेपाळच्या बाजूचे भेखबहादूर थापा. २०१८मध्ये त्यांचा एकमताचा अहवाल तयार झाला. कोश्यारी पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, त्या पदावरून पायउतारही झाले. सप्टेंबर २०२५मध्ये तरुणांच्या आंदोलनाने ओलींचे सरकार गेले, सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या आणि घिसिंग त्यांच्या मंत्रिमंडळात ऊर्जामंत्री. तोवर अहवाल दोन्ही पंतप्रधानांच्या हाती गेलेला नव्हता. तो अमान्य करण्याचा हक्क भारताला आहेच. आधी तो स्वीकारायला हवा.