पत्ता आणि पत

मराठींत 'स्थळ' हा शब्द मोठा मौजेचा आहे. मुलीसाठीं पाहावयाचें तेंही स्थळ आणि राहण्यासाठीं शोधावयाचें तेंही स्थळच. "घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून" या म्हणींत आपल्या वाडवडिलांनीं हे दोन खटाटोप एका सूत्रांत ओवून ठेविले, तें उगीच नव्हे. दोहोंत पैसा पुष्कळ लागतो, अनुभव थोडा असतो, आणि फसगत झाली तर ती वर्षानुवर्षें निस्तरावी लागते. म्हणूनच दोहोंत मध्यस्थाची गरज पडते. आतां योगायोग असा कीं, नोकरी, जोडीदार आणि जागा या तिन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या दुकानांत शोधतां येतात. 'नौकरी' हें संकेतस्थळ १९९७ सालीं निघालें. तें चालविणाऱ्या 'इन्फो एज' कंपनीचेंच 'जीवनसाथी' आहे, आणि २००५ सालीं निघालेलें जागांच्या खरेदीविक्रीचें 'नाइन्टीनाइन एकर्स' हेंही तिचेंच. पुढल्याच वर्षीं टाइम्स समूहाचें 'मॅजिकब्रिक्स' सुरू झालें.

'संकेतस्थळ' हा नवा शब्दही असाच गमतीचा. संस्कृत काव्यनाटकांच्या वाचकास संकेतस्थान म्हटलें कीं दोघां प्रेमिकांची ठरलेली एकांताची जागा आठवते. या नव्या संकेतस्थळांत एकांत तेवढा नाहीं. आपण एकास भेटावयास जावें, तों तेथें दहाजण आपली वाट पाहात उभे! हे दहाजण तेथें कसे जमतात, आणि त्यांच्या गर्दींत गिरगांव-दादर-परळच्या जुन्या दलालाची काय गत झाली, हें प्रत्येक गृहस्थानें समजून घेण्याजोगें आहे. कारण घरांत मुलें मोठीं झालीं, नवी सून आली, कीं दुसऱ्या खोलीचा प्रश्न आज ना उद्यां प्रत्येक एकत्र कुटुंबापुढें उभा राहतोच.

'दलाल' हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा धातु 'वाट दाखविणें' या अर्थाचा आहे. आपल्याकडे त्यास हीन छटा आली, पण गिरगांवचा जुना दलाल खरोखरच वाटाड्या असे. त्याला कचेरी नसे. कोपऱ्यावरचें इराण्याचें हॉटेल किंवा चाळीच्या जिन्याखालचा बांक हीच त्याची पेढी. मुगभाटांत कोणतें बिऱ्हाड सेवानिवृत्तीनंतर डोंबिवलीस जाणार, फणसवाडींत कोणते भाऊ वाटणी करणार, कोणता घरमालक नवा भाडेकरू सुखानें स्वीकारील आणि कोणता कोर्टाची पायरी चढावयास लावील, हें सारें त्याच्या डोक्यांत असे. हें ज्ञान हेंच त्याचें भांडवल.

तें ज्ञान इतकें मोलाचें कां होतें, याचें उत्तर कायद्यांत सांपडतें. मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें १९४० च्या सुमाराचें भाडें आधारभूत धरून जवळजवळ गोठवून टाकिलें. मग घरमालकानें 'जागा भाड्यानें देणें आहे' अशी पाटी लावावी कशास? खोल्या हातबदल होत, त्या पागडीवर, आणि पागडी घेणें हा कायद्यानें गुन्हा. ज्या व्यवहाराची जाहिरात करतां येत नाहीं, त्याची बातमी दारोदार हिंडणाऱ्या माणसाजवळच राहते. पुढें १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला आणि त्यानें भाडेहक्काच्या हस्तांतराबद्दल रक्कम घेणें कायदेशीर ठरविलें. झांकलेला व्यवहार उघडा झाला, आणि उघड्या व्यवहारास बाजार लागतो. त्यानंतर पांचच वर्षांनीं हीं संकेतस्थळें आलीं.

दुसरें कारण गिरणगांवांतील उलथापालथ. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या गिरणी संपानंतर एकामागून एक गिरण्या थंडावल्या आणि परळ-लालबागच्या चिमण्यांच्या जागीं मनोरे उभे राहिले. त्या मनोऱ्यांत घर घेणारा बहुधा बाहेरचा. त्याचा मामा चिवडा गल्लींत राहात नाहीं, कीं मेव्हणा गणेश गल्लींत नाहीं. कोपऱ्यावर कोणास विचारावें हें त्यास ठाऊक नसतें. तो मोबाइलास विचारतो. जाहिरातवाल्यांनीं लोअर परळास 'अपर वरळी' असें गोंडस नांव दिलें, तें अशा पाहुण्यासाठींच. लालबागच्या रहिवाशास तें नांव ऐकून हसूंच येईल.

आतां या बाजाराची रचना पाहूं. घरमालकाला आपल्या जागेची नोंद बहुधा फुकट करतां येते. दलालास मात्र अधिक नोंदींसाठीं आणि त्या यादींत वर दिसाव्या म्हणून पैसे मोजावे लागतात. जागा शोधणारा छायाचित्रें फुकट पाहतो. परंतु संपर्काचा क्रमांक हवा असला कीं त्यास प्रथम स्वतःचें नांव आणि स्वतःचा क्रमांक द्यावा लागतो. या क्रमांकास धंद्यांत 'लीड' म्हणतात, आणि तीच या बाजारांतील खरी विक्रीची वस्तु. आपण समजतों कीं आपण गिऱ्हाईक आणि घर हा माल. वस्तुतः आपली चौकशी हा माल आहे आणि दलाल हा गिऱ्हाईक आहे! एकच जागा चार दलालांनीं नोंदविलेली असते, एकच चौकशी अनेकांच्या हातीं पडते, आणि दुपारीं एकदां बोट लावलें तर रात्रीं जेवतांना सातवा दूरध्वनि वाजतो, तो यामुळेंच.

हें चित्र पालटण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. पवईच्या आय.आय.टी.मधील बारा तरुणांनीं मुंबईंत घर शोधतांना झालेल्या त्रासांतून २०१२ सालीं 'हाऊसिंग' हें संकेतस्थळ काढलें. आपलीं माणसें पाठवून घरांचीं छायाचित्रें घ्यावयाचीं आणि प्रत्येक घर नकाशावर दाखवावयाचें, असा त्यांचा बाणा होता. पैसा आला, कीर्ति आली, कलहही आला, आणि २०१७ सालीं तें 'प्रॉपटायगर'मध्यें विलीन झालें. बंगळूरांत २०१४ सालीं निघालेल्या 'नोब्रोकर'नें तर नांवांतच दलालाचा निषेध केला. त्यांत मालक आणि भाडेकरू यांची थेट गांठ पडते, आणि कंपनी दलालीऐवजीं वर्गणी घेते. मध्यस्थ गेला असें मात्र म्हणवत नाहीं. पूर्वीं तो जिन्याखालीं बसे, आतां तो मोबाइलांत बसला, इतकेंच.

आमच्या ओळखीच्या एका वृद्ध दलालानें आपलें दुःख एका वाक्यांत सांगितलें: "मास्तर, पूर्वीं माणूस येई, आतां नंबर येतो." त्यांचा मुलगा दरवर्षीं संकेतस्थळाची रक्कम भरतो. त्याच्या धंद्याचें गणित उदाहरणादाखल असें मांडूं. समजा, महिन्यांत पन्नास चौकश्या आल्या. त्यांतले निम्मे दूरध्वनि उचलीतच नाहींत. कांहीं नुसते भाव पाहणारे, कांहीं दुसऱ्या दलालाबरोबर अर्ध्या वाटेवर पोंचलेले. पांचजण जागा पाहावयास येतात आणि एकाचें जमतें. त्या एकाची दलाली साधारणतः एका महिन्याच्या भाड्याइतकी. तींतून बाकीच्या एकूणपन्नासांचा खर्च भागवावयाचा. एकाचेंही जमलें नाहीं, तरी संकेतस्थळाचे पैसे गेलेच. बाजारवाल्यास जागा गेली काय आणि राहिली काय, सारखेंच!

ही तऱ्हा आपल्याकडचीच नव्हे. इंग्लंडांत 'राइटमूव्ह' हें संकेतस्थळ २००० सालीं तेथील मोठ्या दलाली संस्थांनींच मिळून उभारलें. २००६ सालीं त्याचे भाग शेअरबाजारांत आले, आणि पुढें तेंच इतकें प्रबळ झालें कीं त्याच्या वाढत्या वर्गणीबद्दल दलालच कुरकुर करूं लागले. २०१५ सालीं दलालांच्या एका गटानें 'ऑन द मार्केट' हा प्रतिस्पर्धी काढिला आणि त्याच्या सभासदानें आणखी एकाच संकेतस्थळावर जाहिरात द्यावी, असा निर्बंध घातला. राइटमूव्हचें आसन त्यामुळें हाललें नाहीं, आणि २०२३ सालीं 'ऑन द मार्केट' एका अमेरिकन कंपनीनें विकत घेतलें. बाजार कोणींही भरविला तरी एकदां गिऱ्हाइकांस तेथेंच जाण्याची सवय लागली कीं दुकानदार त्या बाजाराचा आश्रित होतो.

तथापि जुना दलाल निर्दोष होता असें म्हणणें खऱ्यास सोडून होईल. पागडीच्या काळांत त्यानें दोन्ही बाजूंस वेगवेगळे आंकडे सांगून मधली रक्कम खिशांत घातल्याचे प्रसंग जुन्या रहिवाशांस आठवत असतील. आडनांव ऐकूनच "जागा गेली" म्हणणारे दलाल होते, आणि त्यांस तसें सांगणारे घरमालक आपल्यांतलेच होते. ही खोड नव्या बाजारानेंही घालविली नाहीं. आजही दूरध्वनीवरचा पहिला प्रश्न आडनांवाचा किंवा आहाराचा असतो. नव्या दलालानें तींत एक नव्या खोडीची भर घातली. विकत घेतलेली चौकशी वायां जाऊं नये म्हणून तो गेलेली जागाही यादींत ठेवितो आणि भाव कमी दाखवून गिऱ्हाईक ओढतो. गिऱ्हाईक आलें कीं "ती आजच सकाळीं गेली, पण दुसरी आहे" हें ठरलेलें उत्तर. चौकशीला किंमत आली तेव्हां सत्याची किंमत उतरली.

मग संकेतस्थळानें मोडलें काय आणि राखलें काय? आमच्या मतें त्यानें पत्ता स्वस्त केला, पत मात्र तितकीच महाग राहिली. जो दलाल केवळ पत्ता लपवून जगत होता, त्याचा धंदा बुडाला, आणि तो बुडाला तें योग्यच झालें. पण पत्त्यापलीकडचें ज्ञान ज्यापाशीं आहे, त्याचें काम अजून कोणत्याही यंत्रानें हिरावलेलें नाहीं. दादर-परळच्या हद्दीवरील हिंदमाता परिसराची मुसळधार पावसांत पाणी तुंबण्याबद्दल जुनी ख्याति आहे. महापालिकेनें तेथें भूमिगत टाक्या बांधल्यावर कोणत्या गल्लींत किती फरक पडला, हें छायाचित्रांत दिसत नाहीं. गणेशोत्सवांत लालबागच्या कोणत्या इमारतींतून दहा दिवस गाडी बाहेर काढतां येत नाहीं, हें नकाशा सांगत नाहीं. इमारत १९६९ पूर्वींची उपकरप्राप्त आहे काय, पुनर्विकासाचा करार झाला आहे काय, पागडीच्या खोलीच्या हस्तांतरास घरमालकाची लेखी संमति मिळेल काय, आणि रकमेंतील त्याचा वांटा किती, या प्रश्नांचीं उत्तरें यादींत एका ओळींत मावत नाहींत. गिरगांवांत तर २०२५ च्या ऑक्टोबरांत भुयारी मेट्रोचें स्थानक उघडल्यापासून प्रत्येक जीर्ण इमारतीस पुनर्विकासाचीं स्वप्नें पडत आहेत. अशा वेळीं खरें कोणतें आणि नुसतें बोलणें कोणतें, हें जाणणारा मनुष्य पाहिजे.

कायदा आपला रक्षक आहे, परंतु त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. स्थावर संपदेसंबंधींचा २०१६ चा केंद्रीय कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणें अमलांत आला. नोंदणी झालेल्या प्रकल्पांतील घरें विकून देणाऱ्या दलालास त्याप्रमाणें 'महारेरा'कडे स्वतःची नोंदणी करावी लागते. २०२३ पासून महारेरानें दलालांसाठीं प्रशिक्षण आणि परीक्षाही ठेविली. जन्मभर परीक्षा घेतलेल्या शिक्षकास हें वाचून समाधान वाटल्यास नवल नाहीं! त्याच वर्षाच्या १ ऑगस्टपासून प्रकल्पाच्या जाहिरातींत चौकोनी 'क्यूआर' खूण देणें सक्तीचें झालें आहे. ती मोबाइलनें टिपली कीं प्रकल्पाची अधिकृत माहिती पुढें येते. परंतु हें संरक्षण नव्या प्रकल्पांतील विक्रीपुरतें. भाड्याची जागा किंवा चाळींतली पागडीची खोली या कक्षेंत येत नाहीं. म्हणजे आपल्या कुटुंबांचे बरेचसे व्यवहार जेथें होतात, तेथें अजूनही माणसाची पत हीच नोंदणी.

म्हणून गृहस्थांनीं कांहीं पथ्यें पाळावीं. संकेतस्थळाचा उपयोग अवश्य करावा. चार ठिकाणचे भाव घरबसल्या कळतात, आणि "या गल्लींत याहून स्वस्त मिळणार नाहीं" असें आतां कोणी छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. मात्र चौकशीसाठीं घरांतील एकाच जाणत्या माणसाचा क्रमांक द्यावा, सुनेचा किंवा मुलीचा देऊं नये. जागा दिवसां एकदां आणि रात्रीं एकदां पाहावी, आणि शेजाऱ्याशीं चार शब्द बोलावे. जागा पाहण्यापूर्वीं एक पैही देऊं नये. दलाली किती आणि केव्हां द्यावयाची, तें आधीं लिहून घ्यावें. मालकीच्या घराचा 'इंडेक्स टू' आणि सोसायटीचा भागदाखला, पागडीच्या खोलीची चालू भाडेपावती आणि घरमालकाचें संमतिपत्र, हे कागद वकिलास दाखवावे. अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणीकृतच असावा. ती जबाबदारी कायद्यानें घरमालकावर टाकिली आहे.

ज्यांना आपली जागा द्यावयाची आहे, त्यांनीं आणखी एक सावधगिरी बाळगावी. लष्करांत नोकरीस असल्याची बतावणी करून "न पाहतांच जागा पसंत आहे, अनामत पाठवितों, ही खूण टिपा" असें सांगणारे भामटे या बाजारांत वावरतात. ती खूण टिपून गुप्त आंकडा दाबला कीं पैसे येण्याऐवजीं जातात. पैसे घेण्यासाठीं गुप्त आंकडा कधींही लागत नाहीं, एवढें घरांतील वडीलधाऱ्यांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें.

राहिला प्रश्न जुन्या दलालाच्या पोटाचा. त्यास आमचें सांगणें इतकेंच, कीं क्रमांक विकत घेण्यापेक्षां नांव राखावें. ज्यानें एका कुटुंबास पावसाळ्यांतल्या पाण्याबद्दल आधींच खरें सांगितलें आणि त्यापायीं हातची दलाली घालविली, त्याच्याकडे त्या कुटुंबाचे जांवई आणि भाचे आपण होऊन येतात. ती चौकशी कोणत्याही संकेतस्थळास विकतां येत नाहीं. आणि असा दलाल भेटला तर गृहस्थांनींही एका महिन्याची दलाली देतांना हात आंखडूं नये. दोन महिने भाडें वांचविण्यापेक्षां दहा वर्षांचा कज्जा वांचला, हा हिशेब केव्हांही लाभाचाच आहे.