ऊसतोड कामगारांतील वातव्याधी : काही विचार

‘वात’ हा शब्द गत्यर्थक ‘वा’ धातूपासून सिद्ध झाला आहे. यंत्राची गती घर्षणाने व भाराने खुंटते, शरीराची रूक्षतेने व अतिश्रमाने. समाजातील गतीचा विचार मात्र आपण वैद्य मंडळी क्वचितच करतो. बीड जिल्ह्यात तो टाळून चालत नाही.

दसरा उलटला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, म्हणजे येथील भाषेत ‘कोयता’, पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. हेमंत-शिशिरातील पहाटेची थंडी, दिवसभर वाकून तोडणी, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणे, रात्री-अपरात्री गाडी भरण्यासाठी जागरण, शिळी भाकरी. शिवाय कोपीवर शौचालय नसल्याने स्त्रियांना करावा लागणारा वेगावरोध. वातप्रकोपाचे निदान याहून वेगळे काय शिकवावे? कटिग्रह, गृध्रसी व संधिगतवाताचे रुग्ण चैत्रात आमच्याकडे येतात ते हे सर्व भोगून.

स्त्रियांची स्थिती अधिक कठीण. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीपुढे जिल्ह्यातील तेरा हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भाशये काढल्याचे आले. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, हेही त्यामागील एक कारण. अपानाच्या स्थानी शस्त्र चालल्यावर कंबरदुखी घेऊन आलेल्या स्त्रीला केवळ गुग्गुळकल्प देऊन परत पाठविणे आम्हांस आता पटत नाही.

आमची चूक अशी, की अनेक वर्षे आम्ही आश्विनात, निघण्याच्या घाईत, चार महिन्यांच्या गोळ्या बांधून देत असू. वस्तुतः वाताचा प्रकोपकाळ वर्षा ऋतू, त्याचे शोधन बस्ती, आणि नेमका त्याच काळात हा रुग्ण गावी असतो! तीस दिवसांचा कर्मबस्ती त्याला शक्य नाही, खुरपणीही असतेच. पण आठ दिवसांचा योगबस्ती आषाढ-श्रावणात निभतो. जवळचे गाव असल्यास रुग्ण सकाळी येऊन दुपारी परततो.

औषधालयचालकांना एक विनंती. महानारायण व सहचर तेलाचा साठा नवरात्रापूर्वी करावा, आणि तो प्लास्टिकच्या बाटल्यांत. काचेची बाटली ट्रकमधील बिऱ्हाडात फुटते, आणि मग फाल्गुनापर्यंत अभ्यंग नाही.