पदवीच्या वर्गातील इंग्रजी

आपल्या देशातील बहुतेक कला महाविद्यालयांत इंग्रजी हा विषय दोन रूपांत शिकविला जातो: सर्वांना आवश्यक म्हणून, आणि थोड्यांनी विशेष अभ्यासासाठी निवडलेला म्हणून. हे दोन्ही वर्ग पुष्कळदा एकच अध्यापक घेत असतो. सकाळी तो कीट्सच्या काव्याचे मर्म उलगडतो आणि दुपारी क्रियापदांच्या रिकाम्या जागा भरून घेतो. यांपैकी आपले खरे काम कोणते, या प्रश्नाचे उत्तर तो स्वतःला क्वचितच विचारतो.

१८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, तेव्हा साहित्य वाचता वाचता भाषा आपोआप अवगत होईल, असे गृहीत धरण्यात आले. ज्यांचे माध्यमिक शिक्षणच इंग्रजीतून झाले होते त्यांच्या बाबतीत ते काही अंशी खरेही होते. स्वातंत्र्यानंतर शालेय शिक्षण प्रादेशिक भाषांतून होऊ लागले (हा बदल योग्यच होता), परंतु महाविद्यालयांतील पाठ्यपुस्तके मात्र फारशी बदलली नाहीत. परिणामी अध्यापक कवितेचा अर्थ विद्यार्थ्यांच्या भाषेत सांगू लागला, टिपणे उतरवून देऊ लागला आणि विद्यार्थी ती पाठ करू लागले. ज्याला साधा विनंतिअर्ज स्वतःच्या शब्दांत लिहिता येत नाही, तोही वर्ड्‌स्वर्थच्या निसर्गदृष्टीवर पानभर निबंध लिहून उत्तीर्ण होऊ शकला.

यावर उपाय म्हणून भाषाशिक्षणाचा पक्ष पुढे आला. १९५८ मध्ये हैदराबाद येथे केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. तिचेच २००७ मध्ये केंद्रीय विद्यापीठ झाले. साहित्याचा आग्रह सोडून वाचन, लेखन व संभाषण ही कौशल्ये पद्धतशीरपणे शिकवावीत, ही या पक्षाची भूमिका होती. ती व्यवहार्य आहे, यात शंका नाही. मात्र वीस वर्षांच्या तरुणाला रेल्वेचे आरक्षण कसे करावे यावरील संवाद गिरवावयास लावणे हा त्याच्या बुद्धीचा अवमान आहे, हे साहित्यपक्षाचे उत्तरही खोटे नाही. केंब्रिजमध्ये लीव्हिस यांच्याकडे शिकलेले म्हैसूरचे सी. डी. नरसिंहय्या यांनी साहित्याचे सूक्ष्म वाचन हाच अध्यापनाचा गाभा मानला; त्याच वेळी भारतीय लेखकांच्या इंग्रजी साहित्याला आणि भारतीय काव्यशास्त्रालाही त्यांनी वर्गात स्थान दिले.

पुढे प्रश्नच बदलला. साहित्य शिकवावयाचे तर कोणाचे, आणि कोणत्या हेतूने? गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मधील आपल्या ग्रंथात दाखविले, की उघड धर्मोपदेश टाळून नीतीचे संस्कार करण्याचे साधन म्हणून वसाहतीच्या राज्यकर्त्यांनी या साहित्याकडे पाहिले होते. या विवेचनामुळे अनेक अध्यापक अस्वस्थ झाले. आवश्यक इंग्रजीच्या वर्गावर मात्र त्याचा परिणाम अल्पच झाला. तेथे परीक्षेचा प्रश्न बदलत नाही तोवर काहीच बदलत नाही.

हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५७ मध्येच इंग्रजी साहित्याचे अध्यापन भारतीय साहित्यांशी जोडावे, असे सुचविले होते. ही सूचना थोडी पुढे नेऊन पाहावी. हिंदी प्रदेशातील वर्गात प्रेमचंदांची ‘कफन’ ही कथा इंग्रजी अनुवादातून वाचावयास दिली, तर मूळ कथा जाणणारा विद्यार्थी लवकरच अडेल. तू, तुम आणि आप या तिन्हींसाठी अनुवादकाजवळ एकच सर्वनाम आहे; मग कोण कोणाशी कोणत्या अधिकाराने बोलतो, हे वाचकाला कसे कळावे? ही हरकत त्याला इंग्रजीतच मांडावी लागेल, आणि तिचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात छापलेले नसेल.