लाल दिव्याचे गूढ

मोटार घेतली म्हणजे माणसाला मोटारीतले कळू लागते, असा आमच्या शेजाऱ्यांचा एक गोड गैरसमज आहे. मी वर्गात अलंकार आणि वृत्ते शिकवणारा माणूस. जुनी मोटार घेतली ती मुख्यतः तिच्यातल्या एका बटणासाठी. माझा उजवा गुडघा दुखतो आणि सासुरवाडी नागपूरची! नाशिकहून समृद्धी महामार्गाला लागले, की तासन् तास ॲक्सिलरेटर दाबून बसायचे. क्रूझ कंट्रोलचे बटण दाबले म्हणजे ठरवलेला वेग मोटार आपण होऊन सांभाळते आणि पायाला सुट्टी मिळते.

ही युक्ती काढणारा गृहस्थ आंधळा होता, हे सांगितले तर पुष्कळांना खरे वाटत नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले राल्फ टीटर. पाचव्या वर्षी अपघातात दृष्टी गेली, तरी इंजिनियर झाले. त्यांच्या वकिलांना म्हणे मोटार हाकता हाकता गप्पा मारण्याची सवय. स्वतः बोलू लागले की वेग मंदावे, ऐकू लागले की वाढे. त्या हिसक्यांना कंटाळून टीटर या शोधाच्या मागे लागले, असे सांगतात. १९५० साली त्यांना पेटंट मिळाले आणि १९५८ च्या क्रायस्लर मोटारींत ते यंत्र आले. डोळसांना जे जाणवले नाही, ते त्यांना बसल्या जागी जाणवले!

तर गेल्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर आमचे हे बटण रुसले. दाबले की दिवा लागे, पण वेग काही पकडेना. एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथल्या टाय लावलेल्या तरुणाने, स्टिअरिंगमधली तारांची गुंडाळी गेली आहे, अठरा हजार होतील, असे हसतमुखाने सांगितले. मी विचार करून सांगतो म्हणून परत आलो.

त्याच रात्री हिने गॅलरीतून हाक मारली. "अहो, आपल्या गाडीमागची भिंत लाल का दिसते?" खाली जाऊन पाहतो तो मोटार बंद, किल्ली माझ्या खिशात, आणि मागचे ब्रेकचे दिवे मात्र ढणढणा जळत आहेत! बॅटरी महिन्यात दोनदा का उतरली, तेही तेव्हा उमगले.

सकाळी कोपऱ्यावरच्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी आधी हॉर्न वाजवला. "सर, ती गुंडाळी तुटली असती तर बहुधा हा पण गप्प झाला असता. आधी पाय बघू." पायाखालची चटई उचलली. तिच्यावर काळ्या रबराचा चुरा पडला होता. तो मी बरेच दिवस मुलांच्या बुटांतला कचरा म्हणून झटकत होतो.

ब्रेकच्या पेडलवर एक स्विच असतो. पेडल मोकळे असताना पेडलाच्या दांड्यावरचे रबर स्विचची खुंटी आत दाबून धरते. पेडल दाबले की खुंटी सुटते, मागचे दिवे लागतात आणि क्रूझ कंट्रोल तत्क्षणी बाजूला होते. आमचे रबर वयोमानाने कुजून गळून पडले होते आणि खुंटी त्याच्या रिकाम्या भोकातून आरपार गेली होती. मोटारीला वाटे, साहेबांचा पाय सदैव ब्रेकवरच आहे! मग तिने वेग धरावा कसा? ती बिचारी नियमानेच वागत होती.

पण दुसरी गोष्ट ध्यानात आली तेव्हा अंगावर काटा आला. महिनाभर मी ब्रेक दाबला काय अन् न दाबला काय, मागच्याला ते कळण्याची सोयच नव्हती. याच अवस्थेत मी मुलांना मागे बसवून रोज शाळेत पोचवत होतो, आणि तक्रार करत होतो ती स्वतःच्या गुडघ्याची. आमचे एक स्नेही म्हणाले, "स्विचची तार काढून जोडून टाका, बटण चालू होईल." कृपा करून असले काही कुणी करू नये. ब्रेक दाबूनही वेग न सोडणारी मोटार म्हणजे काय, याची कल्पनाच बरी.

रबर चाळीस रुपयांचे निघाले. ते बसवायला मिस्त्रींना अर्धा तास पोटात पाय घेऊन स्टिअरिंगखाली पडून राहावे लागले. मग धाकटीला मोटारीमागे उभी केली. मी पेडल दाबायचे, तिने ओरडायचे. "लागला! विझला! लागला!" दहा वेळा झाले तेव्हा मिस्त्रींनी हात पुसले.

धनत्रयोदशीच्या पहाटे सिन्नरच्या पुढे महामार्गाला लागलो. रस्ता मोकळा पाहून नव्वदवर बटण दाबले, वेग धरला. ब्रेकला नुसता पाय लावला, सोडला. "झाली का परीक्षा?" हिने विचारले आणि चिवड्याचा डबा उघडला. मी मात्र जालना येईपर्यंत आणखी दोनदा ब्रेक लावून पाहिला.